आकाशातले जहाज आणि मागे राहिलेली माणसे

ह्या पानावर आजवर कीर्तनाचे, नाटकाचे, कथासंग्रहाचे, क्वचित एखाद्या चित्रपटाचे परीक्षण येत आले आहे. आज आम्ही परीक्षण लिहीत आहोत ते मुलांच्या व्हिडिओ गेमचे, आणि त्यातही गेममधील उडत्या जहाजांचे. हे वाचून काही वडीलधारी मंडळी पान उलटतील हे आम्ही जाणून आहोत. एक वर्षापूर्वी आम्हीही उलटले असते.

झाले असे. गेल्या हिवाळ्यात आमच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चाळीस वर्षे वॉर्डात उभ्याने काढल्यावर गुडघ्याने तरी किती सोसावे! आयुष्यभर दुसऱ्यांना "हलू नका, पडून राहा" असे सांगितले, आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा तिसऱ्या दिवशीच जीव कासावीस झाला. आमचा नातू सोळा वर्षांचा आहे. त्याचे मराठी "आजी, चहा", "आजी, झोप" एवढ्यापुरते, आणि आमचे हिब्रू दवाखान्यातले. दोघांत बोलणे असे फारसे होत नसे. तो आपले यंत्र घेऊन आमच्या पलंगाशेजारी बसला आणि म्हणाला, "आजी, तू इंग्रजी वाचतेस ना? मग खेळ." माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलेले इंग्रजी असे पन्नास वर्षांनी कामास आले.

ह्या खेळांच्या मालिकेचे नाव 'फायनल फँटसी'. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९८७ साली पहिला भाग काढला. कर्ता हिरोनोबू साकागुची. पुढे एकामागून एक भाग येत गेले आणि २०२३ साली सोळावा आला. प्रत्येक भागात जग नवे, माणसे नवी, कथा नवी. दोन गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा भेटतात. एक म्हणजे सिड नावाचा कारागीर, बहुधा वयस्क आणि तोंडाचा फटकळ. दुसरी म्हणजे उडते जहाज. जपानी भाषेत त्यास 'हिकूतेई' म्हणतात. आम्ही येथे 'हवाई जहाज' म्हणणार आहोत. प्रवासी विमान असा अर्थ कोणी घेऊ नये. लाकडी गलबतास पंखे लावून आभाळात सोडावे तसे हे प्रकरण असते.

खऱ्या इतिहासातली हवाई जहाजे निराळी. ती वायूने भरलेल्या प्रचंड फुग्यांची होती आणि त्यांचा शेवट चांगला झाला नाही. इंग्रजांचे आर १०१ हे जहाज १९३० च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून निघाले. त्याला जायचे होते कराचीस, आणि कराचीत त्याच्यासाठी भलीमोठी शेड बांधून तयार होती. त्या कराचीत तेव्हा आपल्या समाजाची वस्ती होती. १८९३ साली बांधलेले मागेन शालोम सिनेगॉग होते. म्हणजे जहाज सुखरूप पोहोचते, तर आपल्यापैकी कोणाच्या आजोबांनी ते मान वर करून पाहिले असते. पण ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते कोसळून पेटले आणि ५४ पैकी ४८ जण गेले. १९३७ साली अमेरिकेत हिंडेनबुर्ग जळाले आणि त्या फुग्यांचा काळ संपला. खेळातली जहाजे कशाच्या जोरावर उडतात ह्याची चौकशी करू नये. आपल्या घरोघरी एलियाहू हन्नाबी अग्निरथातून वर जात असल्याची तसबीर असते. त्या रथात कोणता वायू भरला होता असे आम्ही लहानपणी कधी विचारले नाही.

आता खेळाकडे वळू. पहिल्या भागात तुम्ही आधी पायी चालता. मग चाचे लोकांचे जहाज मिळते, मग होडगे. बर्फाच्या गुहेतून एक तरंगता दगड आणावा लागतो. तो घेऊन वाळवंटात गेले की वाळूखालून हवाई जहाज वर येते. त्याआधी कित्येक तास दर चार पावलांवर राक्षस आडवे येत होते. डोंगराला वळसा, नदीला वळसा, असे चालले होते. जहाजात बसताच ते सारे खाली राहते आणि ज्या डोंगराने तीन दिवस छळले तो दोन क्षणांत मागे पडतो. मात्र उतरावयाचे तर गवताळ मैदानच लागते. रानात, डोंगरावर उतरता येत नाही. हा नियम आम्हांस फार आवडला. वर सगळे मोकळे आहे, पण पाय टेकायला जागा शोधावी लागते.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ह्या जगाच्या नकाशावर पूर्वेकडे उडत राहिले की पश्चिमेकडून परत येतो, हे ठीक. पण उत्तरेकडे उडत राहिले तर थेट दक्षिणेकडून येतो! नातवाने कागदाची सुरळी करून, तिची टोके जुळवून दाखविले की असे जग चेंडूसारखे नसून बांगडीसारखे असते. शाळेत भूगोलाच्या बाई असत्या तर त्यांनी पट्टी उगारली असती.

हे वेगाने उडणे त्या काळच्या लहानशा यंत्रावर साधणे सोपे नव्हते. ते काम केले नासिर गेबेल्ली नावाच्या गृहस्थांनी. जन्म इराणचा, वास्तव्य अमेरिकेत, नोकरी जपानी कंपनीची. पहिल्या तीन भागांचे प्रोग्रॅमिंग त्यांचे. मध्येच त्यांच्या जपानी व्हिसाची मुदत संपली, तेव्हा कंपनीची माणसे सामानसुमान घेऊन कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला गेली आणि तेथे काम पुरे केले. व्हिसाचे नाव काढले की आपल्या वाचकांना पुढचे सांगावे लागत नाही.

१९९० सालच्या तिसऱ्या भागात ह्या जहाजाचा फार सुरेख उपयोग केला आहे. पहिले जहाज वाट अडविणाऱ्या शिळेवर आदळून फोडावे लागते. पुढे दुसरे मिळते, आणि ते घेऊन भूमीच्या कडेपलीकडे गेले की कळते, आपण ज्यास सारे जग समजत होतो तो आभाळात तरंगणारा एक तुकडा होता. खरे जग खाली पसरलेले आहे. आम्ही १९७७ साली लोदच्या विमानतळावर उतरलो तेव्हा वय अठरा होते आणि ठाणे व माझगाव ह्यांपलीकडचे जग पाहिलेले नव्हते. त्या प्रसंगी काय वाटते हे ह्या खेळाने एक शब्द न बोलता दाखविले आहे.

परंतु हवाई जहाज म्हणजे नुसती मौज असे ह्या मालिकेने कधी मानले नाही, आणि म्हणूनच तिच्यावर लिहावेसे वाटले. दुसऱ्या भागात (१९८८) साम्राज्याचे प्रचंड युद्धजहाज गावांवर बाँब टाकते. त्याच भागातला सिड आपल्या छोट्या जहाजातून पैसे घेऊन माणसे पोहोचवितो, आणि पुढे जखमी होऊन मरताना ते जहाज तुमच्या हवाली करतो. चौथ्या भागाची (१९९१) सुरुवातच हवाई जहाजांच्या ताफ्याने होते. बॅरन राज्याचा हा ताफा, नाव 'लाल पंख'. त्याचा प्रमुख सेसिल राजाच्या हुकुमाने मिसिडिया गावचे स्फटिक लुटून परतत आहे, आणि जहाजावरचे शिपाई आपसांत कुजबुजत आहेत की त्या निरपराध माणसांना आपण का मारले. सेसिल राजास जाब विचारतो आणि त्याचे पद जाते. पुढे कित्येक तासांनंतर त्यास एकटे, पायी, त्याच मिसिडियात जावे लागते. गावचे लोक त्याला ओळखतात आणि विसरलेले नसतात.

वरून जे गाव ठिपक्याएवढे दिसले, तेथे खाली उतरून माणसांच्या डोळ्यांस डोळा द्यावा लागतो, हे ह्या कथेचे मर्म आहे. मुलांच्या खेळात असे काही असेल ही आमची अपेक्षा नव्हती. नातवाला दोन वर्षांनी सैन्यात जायचे आहे. हा प्रसंग तो आमच्याकडे न पाहता खेळला, आणि आम्हीही काही बोललो नाही.

सातव्या भागात (१९९७) सिड हाच एक नायक आहे आणि त्याच्या जहाजाचे नाव त्याच्याच आडनावावरून 'हायविंड'. पण आम्हांस जहाजापेक्षा त्याच्या अग्निबाणाची हकीकत मोलाची वाटली. सिड अंतराळात जाणारा पहिला माणूस होणार होता. उड्डाणाची वेळ झाली तरी शेरा नावाची त्याची सहकारी खाली ऑक्सिजनच्या टाक्या तपासत राहिली. ती जळून मरू नये म्हणून सिडने उड्डाण रद्द केले, आणि त्यापुढे वर्षानुवर्षे तिला घालूनपाडून बोलत राहिला, की तुझ्या चेंगटपणामुळे माझे स्वप्न गेले. शेवटी तो अग्निबाण खरोखर उडतो, आणि आठव्या क्रमांकाची टाकी फुटून सिड तिच्याखाली अडकतो. शेराचा संशय खरा होता.

परिचारिकांनो, तुमच्यापैकी किती जणींनी ही शेरा होऊन पाहिले आहे? आम्ही एकदा रात्रपाळीला एका रुग्णाचे सिलिंडर बदलण्यासाठी वर नेण्याचे काम थांबविले, तेव्हा सर्वांसमक्ष बोलणी खाल्ली होती. सिलिंडरचा काटा खोटा दाखवीत होता हे नंतर उघड झाले. पण बोलणारे कधी "तुझे बरोबर होते" असे म्हणावयास आले नाहीत. सिड तेवढे म्हणतो. येथे आमची एक तक्रार मात्र आहे. लेखकाने शेराला वर्षानुवर्षे खाली मान घालून चहा करावयास लावले आहे, आणि तिचे म्हणणे खरे ठरण्यासाठी टाकी फुटावी लागते. टाकी फुटली नसती तरी तपासणे योग्यच होते, हे सांगणारे पात्र कथेत हवे होते.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. सहावा भाग, १९९४ चा. आम्ही खेळलो ती अलीकडे नव्याने काढलेली प्रत, 'पिक्सेल रीमास्टर' म्हणतात ती. चित्रे जुन्या वळणाची, भरतकामाच्या टाक्यांसारखी चौकटी-चौकटींची. संगीत नोबुओ उएमात्सु ह्यांचे.

ह्या भागात दोन हवाई जहाजे आहेत. पहिले 'ब्लॅकजॅक', मालक सेट्झर नावाचा जुगारी. जहाजातच जुगाराचा अड्डा थाटलेला. ते मिळाल्यावर तुम्हांस वाटते, आता जग आपलेच. मग केफ्का नावाचा अधम, जो विदूषकासारखे हसतो आणि पाण्यात विष कालवितो, तो जगाची घडीच मोडून टाकतो. भूमी फाटते, जहाज दुभंगते आणि सोबतची सगळी माणसे दाही दिशांना फेकली जातात.

त्याच्या अगदी आधीचा एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. आकाशात तरंगणाऱ्या भूमीवरून पळ काढावयाचा आहे, घड्याळ उलटे चालले आहे, खाली जहाज वाट पाहत आहे. शॅडो नावाचा सोबती इतरांना निसटता यावे म्हणून मागे थांबला आहे. कड्यावर येताच खेळ विचारतो, उडी मारावयाची की थांबावयाचे? नातू ओरडला, "आजी, थांब!" पण वॉर्डातली सवय अशी की घंटा वाजली की पाय आपोआप चालतात. आम्ही उडी मारली. जे थांबतात, त्यांच्यासाठी घड्याळात पाच सेकंदे उरली असताना शॅडो धावत येतो. आम्ही थांबलो नाही, म्हणून आमच्या खेळात तो पुन्हा कधी आला नाही. खेळ ह्याबद्दल रागावत नाही. एक माणूस तेवढा कमी होतो.

नंतर पडदा उघडतो तेव्हा एक वर्ष लोटले आहे. सेलेस नावाची तरुणी एका उजाड बेटावर जागी होते. तेथे म्हातारा सिड आहे. त्याने वर्षभर तिची शुश्रूषा केली, आणि आता तोच आजारी आहे. दिवसेंदिवस पोटात अन्न नाही. सेलेसने किनाऱ्यावर जाऊन मासे धरावेत आणि त्याला भरवावेत, एवढेच काम. राक्षस नाहीत, तलवार नाही. एक खाट, एक रुग्ण, एक परिचारिका.

वाचकहो, आम्ही मनात म्हटले, हे तर आपले काम! हाताला लागेल तो मासा आणला, भरवला, पुन्हा किनाऱ्यावर गेलो. आणि सिड मेला.

नातू हळूच म्हणाला, "आजी, जो मासा मंद पोहतो तो वाईट असतो. चपळ मासाच धरायचा." आम्ही रागावलो. कोकणातल्या बाईला मासा ओळखता येत नाही, असे हा खेळ म्हणतो काय! पण राग माशाचा नव्हता. परीक्षक ह्या नात्याने हा दोष नोंदवितो: खेळ हा नियम आधी स्पष्ट सांगत नाही, वर आत गुपचूप हिशेब चालू ठेवतो आणि रुग्णाचा जीव त्या हिशेबावर टांगतो. जे कळण्याचा मार्गच नव्हता त्याचे पाप माथी मारणे न्यायाचे नाही. असे आम्ही लिहून ठेवले होते.

दोन दिवसांनी ते आम्हीच खोडले. कारण असे की, खऱ्या आयुष्यातही तसेच होते. आमची आई ठाण्याला होती. १९८३ साली तिचे पत्र आले, "पोटात थोडे दुखते, काळजी करू नये." आम्ही येथून उत्तर धाडले, पैसे धाडले, पथ्याची यादी धाडली. हाताला जे सहज लागले ते केले. तार आली तेव्हा आम्ही रात्रपाळीवर होतो, दुसऱ्या कोणाच्या आईचे डोके मांडीवर घेऊन तिला पेज भरवीत होतो. पत्रातल्या "थोडे" ह्या शब्दाचा अर्थ ओळखणे हे आमचेच काम होते. शिक्षणच त्याचे झाले होते. कोणी आधी नियम सांगितला नव्हता ही सबब आम्हीही बेचाळीस वर्षे मनाशी घोळवीत आलो आहोत.

नातवाने आपल्या खेळात सिडला वाचविले होते. आम्ही विचारले, मग पुढे काय झाले? तर तो वाचला तरी बेटावरच राहतो. तो सेलेसला तराफा दाखवितो आणि जा म्हणतो. मेला तर तराफ्याची जागा सांगणारी त्याची चिठ्ठी सापडते. दोन्ही तऱ्हांनी ती एकटीच समुद्रात निघते. दोन्ही तऱ्हांनी तोच तिला धाडतो. हे ऐकून आम्हांस किती बरे वाटले ते येथे लिहिता येत नाही.

येथून हवाई जहाजापर्यंतची वाट लांब आहे. तराफा, मोडकी गावे, एकेक हरवलेला सोबती. सेट्झर एका गावच्या गुत्त्यात दारू पीत बसलेला सापडतो. जहाज गेले, आता कशात राम नाही असे म्हणतो. मग तो त्यांना एका थडग्यात नेतो. डॅरिल नावाची त्याची मैत्रीण होती, त्याच्याहून वेगाने उडणारी. एका उड्डाणात ती गेली. तिचे मोडलेले जहाज 'फाल्कन' त्याला वर्षभराने दूरदेशी सापडले. त्याने ते दुरुस्त केले आणि तिच्या थडग्याखाली पुरून ठेवले. एकेक पायरी उतरत तो ही हकीकत आठवितो, आणि शेवटी ते जहाज जमिनीखालून निघून पाणी फोडून वर येते. त्या क्षणी जी चाल वाजू लागते तिचे नाव 'सोबत्यांचा शोध' अशा अर्थाचे आहे. पुढे जितका वेळ उडाल तितका वेळ तीच चाल वाजते.

ह्या मालिकेतील सर्व जहाजांत 'फाल्कन' श्रेष्ठ, हे आमचे मत. त्याची कारणे अशी. पहिले जहाज फुकटची चैन होती. हे एका मृत बाईचे आहे आणि ज्याने ते पुरले त्यालाच उकरावे लागले. पहिल्या जहाजातून पाहिलेले जग हिरवे होते. ह्यातून दिसते ते तपकिरी, भाजलेले. जग तेच आणि उडणेही तेच, तरी ते सारखे वाटत नाही. आणि तिसरे कारण सर्वांत मोठे. जहाज मिळताच खेळ तुमचा हात सोडून देतो. केफ्काचा मनोरा समोर उभा आहे. हवे तर मोजकी माणसे घेऊन लगेच जा आणि खेळ संपवा. बाकीचे सोबती जगात कोठे कोठे पडलेले आहेत. कोणी पोरक्या मुलांना सांभाळीत आहे, कोणी डोंगरावर बसून दुसऱ्याच्या नावाने पत्रे लिहीत आहे, कोणी शुद्ध हरपून एका पंथात सामील झालेला आहे. त्यांना शोधलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. ज्याच्याकडे जहाज आहे त्यानेच ठरवावयाचे.

नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही कथा आपण सर्वांनी मांडीवर ऐकली आहे. बाकीच्यांना तेथेच मूठमाती दिली. वाचलेल्यांना दुसरे जहाज मिळाले असते, तर ते कोणाला शोधण्यास गेले असते, हा विचार लहानपणी आमच्या मनात कधी आला नाही. तो आता, सहासष्टाव्या वर्षी, एका जपानी खेळाने आणला.

पुढच्या भागांविषयी थोडक्यात. नवव्या भागात (२०००) जहाजे धुक्यावर चालतात, आणि ते धुके मृतांच्या आत्म्यांपासून निघते असे पुढे कळते. धुके थांबले की जहाजेही थांबतात आणि वाफेवर चालणारे नवे बांधावे लागते. कल्पना उत्तम. दहाव्या भागात (२००१) अल भेद नावाचे लोक आहेत. त्यांची भाषा वेगळी, इतर त्यांना अपवित्र समजतात. त्यांचे एकमेव घर हल्ल्यात जाते आणि ते हवाई जहाजात बसून निघतात. त्यांची भाषा खेळणाराला एकदम कळत नाही; २६ छोटी पुस्तके शोधावी लागतात आणि प्रत्येक पुस्तकागणिक एक अक्षर उलगडते. उल्पानच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण ह्याच दहाव्या भागापासून एक घात झाला. जहाज आहे, पण ते चालविता येत नाही. गावांची यादी समोर येते, नावावर बोट ठेवावे की पोहोचलात. मधला समुद्र नाही, डोंगर नाही, उतरण्याची जागा शोधणे नाही. कोणी म्हणेल वेळ वाचला. आमच्या मते तेथे जहाजाची बसगाडी झाली. तेराव्या भागात (२००९) तर जहाज खेळणाराच्या हातीच येत नाही. पंधराव्यात (२०१६) मोटारगाडीला पंख फुटतात. ती रस्त्यावरच उतरवावी लागते, आणि चुकलात तर खेळ संपलाच. उतरण्याची भीती परत आली, एवढे बरे. सोळाव्यात सिडची मुलगी मिड जहाज बांधते ते समुद्रावरचे. २०२४ साली सातव्या भागाचा नवा अवतार आला, त्यातले छोटे विमान पाण्यावरूनच सरकते. चित्रे इतकी खरी झाली आहेत की सारे जग वरून काढून दाखविणे परवडत नसावे. चौकटी-चौकटींच्या त्या जुन्या चित्रात आख्खी पृथ्वी मावत होती, हा सौदा आम्हांस तोट्याचा वाटतो.

आमच्या एका मैत्रिणीने हे सारे ऐकून म्हटले, "मुले तासन्‌तास ह्यात घालवितात, डोळे जातात, आणि तू त्याचे कौतुक छापतेस?" डोळे जातात हे खरे, तासाला दहा मिनिटे यंत्र बाजूला ठेवावे हे परिचारिका म्हणून आम्हीही सांगतो. आणि खेळात रटाळ भाग पुष्कळ आहे हेही लपवीत नाही. एकाच प्रकारचे राक्षस शंभरदा मारण्यात कोणतेही शिक्षण नाही. पण घरातले मूल दार लावून आत कोठे उडत आहे, हे विचारावयास हरकत काय? आम्ही विचारले, तेव्हा नातवाने उत्तर दिले ते अर्धे हिब्रूत, अर्धे हातवाऱ्यांनी. शब्द अडला की आम्ही मराठी शब्द सुचवीत असू. "तराफा" हा शब्द त्याला आता येतो. "थडगे" येतो. "वाट पाहणे" हे दोन शब्द मिळून एक क्रिया होते, हे समजावयास त्याला दोन दिवस लागले.

असो. गुडघा आता बरा आहे. जिना चढता येतो. खेळ आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आहे. ह्या वेळी कड्यावर आलो, घड्याळ उलटे चालले होते, खाली जहाज होते. नातू गप्प बसला होता. आम्ही थांबलो. पाच सेकंदे उरली असताना शॅडो आला.